डायव्हिंगला किंवा होडीतून जाणाऱ्यांसाठी बचाव बीकन: निवड, नोंदणी आणि वापर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात समुद्र नसला तरी पाण्याची वाण नाही. हिडकलचे धरण, राकसकोपचा जलाशय, सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ, दांडेलीची काळी नदी आणि तिच्यावरचे गणेशगुडीचे सुपा धरण एवढे गोडे पाणी हाताशी आहे. आंबोली किंवा चोर्ला घाट उतरला की मालवण, तारकर्ली आणि गोवा आहे, आणि दक्षिणेकडे कारवारवरून पुढे मुरुडेश्वर आणि नेत्राणी बेट आहे. शनिवार-रविवारी या वाटांनी जाणाऱ्यांत आता स्कूबा डायव्हिंगचा परवाना घेतलेले, स्वतःची कयाक गाडीच्या टपावर बांधून नेणारे आणि गळ टाकायला खोल समुद्रात जाणारे हौशी लोकही दिसतात. त्यांच्यापैकी जो कोणी संकटकाळी उपयोगी पडणारे बीकन घेण्याच्या विचारात असेल आणि ज्याला या विषयाची अजिबात ओळख नसेल, त्याच्यासाठी हा लेख आहे.

बीकन हे खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे एक रेडिओ प्रक्षेपक यंत्र असते. बटण दाबल्यावर ते ‘मी संकटात आहे आणि मी इथे आहे’ एवढाच संदेश सतत पाठवत राहते. दुकानात किंमत, आकार आणि बॅटरीची मुदत यांची चर्चा होते. पण माझ्या मते पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. तुमचा संदेश नेमका कोण ऐकणार, आणि ऐकल्यावर तो तुमच्यापर्यंत किती वेळात पोहोचू शकणार? निवड, नोंदणी आणि वापर या तिन्ही गोष्टी याच उत्तरावरून ठरतात.

पहिली पायरी: आपले पाणी ओळखणे

मालवणला किनाऱ्याजवळ प्रशिक्षक हात धरून नेतो, काही मीटर खोलीवर मासे आणि प्रवाळ दाखवतो आणि अर्ध्या तासात परत होडीत बसवतो, तेवढीच तुमची हौस असेल, तर बीकनवर पैसे घालवू नयेत. त्या पाण्यात तुमची सुरक्षितता प्रशिक्षकाच्या हातात असते. होडीत प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का आणि प्रत्येकासाठी जॅकेट आहे का, एवढे विचारून घेतले तरी पुष्कळ झाले.

जलाशयाची गोष्टही काहीशी अशीच आहे. हिडकलच्या किंवा राकसकोपच्या पाण्यात होडी उलटली, तर पहिली मदत काठावरच्या माणसांची, नावाड्याची आणि अग्निशमन दलाची असते. तिथे उपग्रहापर्यंत संदेश जाऊन तो फिरून येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. म्हणून अशा पाण्यात आधी पट्टे नीट आवळलेले लाइफ जॅकेट, मग जलरोधक पिशवीत ठेवलेला फोन आणि त्यावरून लावायचा ११२ हा क्रमांक, असा क्रम ठेवावा. सुपा धरणाच्या मागच्या पाण्यासारख्या, डोंगरांनी वेढलेल्या आणि मोबाइलची रेंज भरवशाची नसलेल्या ठिकाणी कयाक घेऊन एकट्याने जाणारा मात्र याला अपवाद समजावा. उपग्रहाला संदेश देणारे बीकन जमिनीवर आणि गोड्या पाण्यातही तेवढेच चालते. त्याला फक्त वरचे आकाश मोकळे लागते.

बीकनची खरी गरज लागते ती किनारा आणि होडी ही दोन्ही नजरेआड होऊ शकतील अशा पाण्यात. मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेले नेत्राणी किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेली आंग्रिया बँक ही त्याची उदाहरणे म्हणता येतील. डायव्हर खाली असताना प्रवाह बदलतो, तो ठरल्या जागेपासून बराच दूर वर येतो, आणि लाटांमधून फक्त डोके बाहेर असलेला माणूस होडीतून काहीशे मीटरवरही दिसेनासा होतो. अरबी समुद्राचे पाणी उबदार असल्यामुळे गारठून जीव जाण्याची भीती इथे कमी आहे. ऊन, तहान, थकवा आणि वाहत जाणारे अंतर हे इथले शत्रू आहेत.

दुसरी पायरी: कोणत्या यंत्राला कोण ऐकते

पहिला प्रकार म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजेच पीएलबी. हे ४०६ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर थेट उपग्रहांना संदेश पाठवते. कोस्पास-सारसॅट नावाची ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९७९ साली कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी एकत्र येऊन सुरू केली. तिचा पहिला उपग्रह १९८२ साली सुटला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात तिच्या मदतीने पहिली सुटका झाली. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्ही बाजूंचे देश एका कामासाठी एकत्र आले, हे आजही नवलाचे वाटते. भारतात या व्यवस्थेचे मिशन कंट्रोल सेंटर बेंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक या केंद्रात आहे, आणि उपग्रहांकडून संदेश घेणारी केंद्रे बेंगळुरू आणि लखनौ येथे आहेत. म्हणजे नेत्राणीजवळ दाबलेल्या बटणाची बातमी आधी आकाशात, तिथून बेंगळुरूला आणि मग भारतीय तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. ही अशी केंद्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे असून आपल्या बाजूच्या समुद्राचे काम मुंबईच्या केंद्राकडे येते.

या वाटेला वेळ किती लागतो, ते यंत्रात जीपीएस आहे की नाही यावरही अवलंबून असते. जीपीएस असेल आणि त्याला आपली जागा सापडली असेल, तर संदेशातच साधारण शंभर मीटरच्या आतली जागा जाते. जीपीएस नसेल, तर उपग्रह आपल्या हालचालीमुळे संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून जागेचा अंदाज बांधतात आणि तो काही किलोमीटरच्या वर्तुळात असतो. समुद्रात एवढे मोठे वर्तुळ शोधायला तास लागतात, म्हणून जीपीएस नसलेले पीएलबी स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

दुसरा प्रकार एआयएस-मॉब यंत्रांचा. मॉब म्हणजे होडीवरून पाण्यात पडलेला माणूस. ही यंत्रे उपग्रहांशी बोलत नाहीत. मोठी जहाजे एकमेकांची जागा कळण्यासाठी जी एआयएस यंत्रणा वापरतात, तिच्यावर ती तुमची खूण उमटवतात. जहाजाच्या पडद्यावर ९७२ या आकड्यांनी सुरू होणारा नऊ अंकी क्रमांक दिसतो आणि गजर वाजतो. काही यंत्रांत डीएससीचीही सोय असते. ती व्हीएचएफच्या, म्हणजे होड्यांवरच्या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या, ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून आसपासच्या किंवा आधी नोंदवून ठेवलेल्या होडीच्या रेडिओवर थेट धोक्याची घंटा वाजवते. पाण्याच्या पृष्ठभागावरून हा संदेश काही सागरी मैलच जातो, पण त्या टापूत कोणी ऐकणारा असेल तर मदत तासांत न येता मिनिटांत येते.

गोम आहे ती इथेच. कोकणात आणि कारवारकडे पर्यटकांना नेणाऱ्या बहुतेक छोट्या फायबरच्या होड्यांवर एआयएस घेणारे यंत्र नसते. तुम्ही महागडे एआयएस-मॉब घेऊन पाण्यात उतरलात आणि तुमच्याच होडीला ते ऐकू येत नसेल, तर तुमची हाक दूरवरून जाणाऱ्या मालवाहू जहाजांपुरती उरते. त्यामुळे आगाऊ पैसे भरण्याआधी डायव्हिंग केंद्राला फोन करून दोन प्रश्न विचारावेत: होडीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का आणि तो १६ क्रमांकाच्या वाहिनीवर चालू असतो का; आणि एआयएसचा पडदा आहे का. दुसऱ्याचे उत्तर नाही असेल, तर एआयएसच्या मागे न लागता पीएलबी घ्यावे. दोन्ही घेणे परवडत असेल तर उत्तमच, कारण एकाला जवळचे ऐकतात आणि दुसऱ्याला दूरचे.

तिसरा प्रकार, ईपीआयआरबी, हा माणसाचा नसून होडीचा असतो. तो होडीच्या नावावर नोंदवला जातो, किमान ४८ तास चालतो, आणि खोक्यातून आपोआप सुटणाऱ्या नमुन्यात होडी बुडताच पाण्याच्या दाबाने मोकळा होऊन वर येतो. स्वतःची शिडाची किंवा यांत्रिक होडी असलेल्यानेच त्याचा विचार करावा. मच्छिमारांच्या होड्यांवर याशिवाय इस्रोने विकसित केलेला डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर दिसेल. २०१० पासून वापरात असलेल्या या यंत्राची दुसरी पिढी जानेवारी २०२४ मध्ये आली. संदेश मिळाल्याची पोच ती समुद्रातल्या माणसाला देते. गळ टाकायला मच्छिमारांच्या होडीतून जाणार असाल, तर हे यंत्र होडीत कुठे आहे आणि त्याचे बटण कसे दाबायचे, एवढे तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडून, निघण्यापूर्वीच समजून घ्यावे; ऐन वेळी तांडेलच पाण्यात असू शकतो.

तिसरी पायरी: खरेदी, आणि परदेशातून येणाऱ्या भेटी

आपल्या भागात घरटी कोणी तरी आखातात, इंग्लंडात किंवा अमेरिकेत असते आणि अशी यंत्रे बऱ्याचदा त्यांच्या सामानातून येतात. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट देशाच्या क्रमांकाची. प्रत्येक ४०६ मेगाहर्ट्झ बीकनमध्ये विकणाऱ्याने एका देशाचा क्रमांक भरलेला असतो. भारताचा क्रमांक ४१९ आहे. परदेशी क्रमांकाचे बीकन नेत्राणीजवळ चालू केले, तरी उपग्रह ते ऐकतील, पण हे कोणाचे आहे याची चौकशी त्या दुसऱ्या देशाच्या नोंदवहीत करावी लागेल. तिथे नोंद नसेल, तर मालक कोण हे कोणालाच कळणार नाही. म्हणून भारताच्या क्रमांकाचे यंत्र घ्यावे, किंवा अधिकृत विक्रेत्याकडून क्रमांक बदलून घ्यावा. भारतात कोणतेही रेडिओ प्रक्षेपक यंत्र वापरण्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते, तेव्हा त्या मान्यतेची कागदपत्रे आणि पावती विक्रेत्याकडून मागून घ्यावीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन्ही बाजूंनी मजकूर पाठवणारी उपग्रह संदेशक यंत्रे आणि उपग्रह फोन हे पीएलबीपेक्षा वेगळे असून भारतात ते परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्यासह काही विमानतळांवर अशी यंत्रे घेऊन आलेल्या परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. मुलाने प्रेमाने पाठवलेले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, याची खात्री झाल्याशिवाय ते घेऊन प्रवासाला निघू नये.

जुन्या वस्तूंच्या बाजारात केवळ १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारी बीकन अजून अधूनमधून दिसतात. ती कितीही स्वस्त मिळाली तरी नकोत, कारण १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही वारंवारता ऐकणे बंद केले आहे. नव्या पीएलबीतही १२१.५ असते, पण ती शेवटच्या टप्प्यात हेलिकॉप्टरला किंवा बचाव नौकेला तुमच्या दिशेने येता यावे म्हणून ठेवलेली असते.

पीएलबीला महिन्याचे किंवा वर्षाचे शुल्क नसते; ही उपग्रह सेवा वापरणाऱ्याला मोफत आहे. कोणी विक्रेता वर्गणी मागत असेल, तर तो दुसऱ्याच प्रकारचे यंत्र विकत आहे असे समजावे.

चौथी पायरी: नोंदणी, आणि घरच्या फोनची तयारी

बीकनच्या पाठीवर १५ अक्षर-अंकांचा एक क्रमांक छापलेला असतो. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे यांचा तो बनलेला असतो. बीकन चालू झाल्यावर आकाशातून हाच क्रमांक जातो, तुमचे नाव जात नाही. या क्रमांकामागे नाव, पत्ता आणि फोन जोडण्याचे काम नोंदणी करते, आणि भारताच्या क्रमांकाच्या यंत्राची नोंदणी बेंगळुरूच्या केंद्राकडे होते. क्रमांक लिहून घेताना बी आणि आठ, डी आणि शून्य यांची गल्लत होते, म्हणून छापलेल्या क्रमांकाचा फोटो काढून त्यावरून अर्ज भरावा आणि दुसऱ्या कोणाकडून तो अक्षरन् अक्षर ताडून घ्यावा.

नोंदणी हा कागदी सोपस्कार समजून ती लांबणीवर टाकणारे अनेक आहेत. प्रत्यक्षात जगभर येणाऱ्या संदेशांपैकी बहुसंख्य चुकून गेलेले असतात, त्यामुळे अधिकारी आधी नोंदवलेल्या फोनवर विचारपूस करतात. ‘हे बीकन कोणाचे? तो माणूस कुठे आहे? बरोबर किती जण आहेत?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर शोध नेमका कुठे आणि किती जणांसाठी करायचा हे लगेच ठरते.

त्यामुळे संपर्कासाठी नाव देताना नाते पाहू नये, उपलब्धता पाहावी. पुण्यात नोकरी करणारा आणि मीटिंगमध्ये फोन बंद ठेवणारा मुलगा यासाठी गैरसोयीचा. टिळकवाडीत किंवा शहापुरात राहणारा आणि तुमचा बेत ठाऊक असलेला भाऊ किंवा मित्र बरा. दोन नावे द्यावीत, आणि त्यातला एक जण तरी त्या दिवशी तुमच्याबरोबर पाण्यात नसावा. हल्ली अनोळखी क्रमांक कोणी उचलत नाही, आणि बेंगळुरूहून येणारा ०८० ने सुरू होणारा फोन तर कर्जाची जाहिरात समजून कापला जातो. तुम्ही समुद्रावर असाल त्या दिवशी ०८० किंवा ०२२ ने सुरू होणारा प्रत्येक फोन उचलायचा, हे घरात स्पष्ट सांगून ठेवावे. समोरचा अधिकारी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलेल. घरात कन्नड आणि मराठीच सफाईने बोलणारी वडीलधारी मंडळी असतील, तर पुढची चिठ्ठी फोनशेजारी असणे अधिकच गरजेचे आहे.

त्या चिठ्ठीवर एवढे असावे: कोणत्या बंदरातून निघणार, कुठे उतरणार, होडीचे नाव आणि नोंदणी क्रमांक, केंद्राचा फोन, बरोबरच्यांची नावे, आणि परतण्याची वेळ. त्याखाली एक ओळ: अमुक वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही, तर आधी डायव्हिंग केंद्राला आणि मग तटरक्षक दलाच्या १५५४ या मोफत क्रमांकावर फोन करावा. घर बदलले, फोन बदलला किंवा यंत्र विकले, तर नोंदणीतही लगेच बदल करावा.

पाचवी पायरी: यंत्र अंगावर ठेवणे

बीकन होडीतल्या पिशवीत ठेवून पाण्यात उतरणे व्यर्थ आहे. होडीवर असताना ते लाइफ जॅकेटच्या छातीजवळच्या पट्ट्याला दोरीने बांधलेले असावे आणि एका हाताने काढता यावे. डायव्हरने आणखी एक काळजी घ्यायची असते. साधी पीएलबी यंत्रे जलरोधक असली तरी ती फार तर काही मीटर, चांगल्या नमुन्यांत १५ मीटरपर्यंत पाणी सोसतात. प्राथमिक परवान्याचा डायव्हर मात्र १८ मीटरपर्यंत आणि अनुभवी हौशी डायव्हर ४० मीटरपर्यंत जातो. म्हणून पीएलबी खोल पाण्याचा दाब सोसणाऱ्या डबीत घालूनच न्यावे. डायव्हरांसाठीच बनवलेले नॉटिलस लाइफलाइनसारखे एआयएस यंत्र झाकण बंद असताना १३० मीटरपर्यंत चालते, पण पाण्याखाली झाकण उघडले की ते गेलेच.

डबीच्या झाकणात बसलेली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, प्रत्येक वेळी बोट फिरवून तपासावी. वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला, तरी दहा-पंधरा मीटरवर पाणी आत शिरते. कडीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. जास्त ग्रीसला उलट वाळूच चिकटते.

बीकनबरोबर जवळच्यांना दिसण्याची आणि ऐकू येण्याची साधनेही हवीतच: पाण्यावर फुगवून उभी करायची नारिंगी सरफेस मार्कर बॉय, जिला डायव्हर ‘सॉसेज’ म्हणतात, शिट्टी, छोटा आरसा आणि टॉर्च. ही सगळी मिळून बीकनच्या मानाने अगदी स्वस्तात येतात आणि बहुतेक वेळा काम त्यांनीच भागते.

सहावी पायरी: वेळ आली तर

पाण्यावर आल्यावर होडी दिसत असेल, तर आधी बीसीडी, म्हणजे डायव्हरच्या अंगातले हवा भरून तरंगवणारे जॅकेट, पूर्ण फुगवावी, सॉसेज उभी करावी, शिट्टी वाजवावी, आरशाने ऊन होडीकडे फेकावे. होडी नजरेआड झाली असेल, किंवा दिसते आहे पण दूर जात आहे आणि तुम्ही वाहत आहात असे लक्षात आले, तर बीकन दाबण्यास संकोच करू नये. ‘अजून थोडे थांबू, येतीलच’ या विचारात दुपार सरते, आणि अंधार पडल्यावर शोधकार्य कितीतरी अवघड होते. पाण्याखाली बीकन दाबण्यात अर्थ नाही, कारण खाऱ्या पाण्यातून ही रेडिओ लहर जात नाही.

यंत्र हातात घेऊन आधी त्याची दोरी मनगटाला अडकवावी. मग गुंडाळलेला अँटेना मोकळा करावा. अनेक नमुन्यांत तो पोलादी मोजपट्टीसारखा झटक्याने सरळ होतो, तेव्हा चेहरा बाजूला ठेवावा. बटणावरचे झाकण सरकवून ते सूचनेप्रमाणे काही सेकंद दाबून धरावे. दिवा लुकलुकू लागला की यंत्र चालू झाले. पहिला संदेश लगेच जात नाही, साधारण मिनिटभराने जातो, आणि त्यानंतर सुमारे ५० सेकंदांनी एकेक अर्ध्या सेकंदाचा संदेश जात राहतो. यंत्र गप्प आहे असे वाटून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये.

अँटेना पाण्याबाहेर आणि आकाशाकडे सरळ उभा राहील, असे यंत्र छातीशी किंवा डोक्याजवळ धरावे. जीपीएसचा भाग बोटांनी झाकला जाऊ नये. कोणता भाग तो यंत्रावर लिहिलेले असते, ते घरीच पाहून ठेवावे. बरेच पीएलबी पाण्यावर तरंगते, पण तरंगत सोडलेले यंत्र आडवे पडते आणि संदेश अर्धवट जातो. गटात असाल, तर एकमेकांच्या पट्ट्यांना धरून एकत्र राहावे आणि यंत्र धरण्याची पाळी लावावी. दोघांकडे पीएलबी असतील आणि गट फुटलेला नसेल, तर आधी एकच चालू करावे. किमान २४ तास चालणारी एक बॅटरी मागे शिल्लक राहणे केव्हाही चांगले.

एकदा चालू केलेले यंत्र मदत हाताशी येईपर्यंत आणि बचाव पथक सांगेपर्यंत बंद करू नये. ‘जागा कळली असेल, आता बॅटरी वाचवू’ असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तुम्ही वाहत असता आणि तासाभरापूर्वीची जागा आता तुमची नसते. शिवाय हेलिकॉप्टर शेवटचे अंतर याच यंत्राच्या आवाजावर कापते.

चुकून दाबले गेले तर, आणि एरवीची देखभाल

मुलांनी खेळताना किंवा गाडीच्या डिकीत सामान आदळून बीकन चालू झाले, तर ते ताबडतोब बंद करावे आणि लगेच १५५४ वर फोन करून क्रमांक सांगावा व चूक कबूल करावी. घाबरून गप्प बसण्यात खरे नुकसान आहे, कारण तुमच्या मौनाचा अर्थ संकट असाच लावला जातो आणि त्यासाठी निघालेले जहाज किंवा विमान दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाही.

चाचणीसाठी यंत्रावर वेगळे बटण असते. ते महिन्यातून फार तर एकदा, मोकळ्या जागी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबावे. जीपीएसची चाचणी बॅटरी अधिक खाते, म्हणून ती हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा केली की पुरे. आपल्याकडे पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, तेव्हा सप्टेंबरअखेर ही तपासणी करण्याची सवय सोयीची पडते. समुद्रातून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये.

बॅटरीची मुदत यंत्रावर छापलेली असते आणि ती साधारण पाच ते सात वर्षे असते. ही बॅटरी बाजारातून आणून घरी बदलायची नसते. ते काम अधिकृत सेवा केंद्राकडूनच करून घ्यावे, नाहीतर यंत्राची जलरोधकता जाते. मुदत संपलेले यंत्र भंगारवाल्याला तसेच देऊ नये. कचऱ्यात दाबले जाऊन चालू झालेल्या बीकनच्या मागे शोधपथके कचरा डेपोंपर्यंत जाऊन पोहोचल्याचे प्रकार परदेशांत घडले आहेत. सेवा केंद्राकडून बॅटरी काढून घ्यावी, ती ई-कचऱ्यात द्यावी, आणि बेंगळुरूच्या केंद्राला कळवून त्या क्रमांकाची नोंदणी रद्द करून घ्यावी.